मुली कॉलेज बघताहेत

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सत्राचा विषय पत्रिकेत ‘मुलींचं शिक्षण’ असा छापला आहे. या विषयावर आपण इतक्या वेळा बोललो आहोत की काहीजणींना वाटलं असेल, आता पुन्हा गळतीची कारणं, शाळेतली संडासं आणि एस.टी.च्या वेळा. त्या गोष्टी संपलेल्या नाहीत, पण आज मी त्यांच्यापासून सुरुवात करणार नाही. आपल्या मुलींच्या गटांमधून गेल्या काही वर्षांत एक वेगळीच गोष्ट दिसायला लागली आहे आणि ती आनंदाची आहे. नववीतल्या, काही ठिकाणी तर आठवीतल्या मुली आत्तापासूनच कॉलेजं शोधायला लागल्या आहेत.

गटात बसल्या की ह्यांच्या वह्या उघडतात. एका रकान्यात कॉलेजचं नाव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात हॉस्टेल आहे की नाही, चौथ्यात मागच्या वर्षी किती टक्क्यांना प्रवेश बंद झाला. कुणाची मावसबहीण नर्सिंगला आहे, तिच्याकडून माहिती आणलेली असते. कुणी कृषी महाविद्यालयाचं माहितीपत्रक मिळवलेलं असतं. एक सांगते, दुसरी खोडून काढते, तिसरी विचारते, ‘तिथे संध्याकाळी परत यायला गाडी आहे का?’ जत्रेला जायचं ठरवावं तसा हा सगळा गलका असतो.

आपल्या भाषेत ‘बघणं’ या शब्दाला मुलीच्या संदर्भात एकच अर्थ असायचा. मुलीला बघायला येतात. मुलीसाठी स्थळ बघतात. बघणारे दुसरेच, आणि ती बघितली जाणारी. चहाचा ट्रे, खाली मान, ‘चालून दाखव’, ‘स्वयंपाक येतो का’. तीच मुलगी आता एखाद्या संस्थेला बघते आहे, तिला प्रश्न विचारते आहे, हे बरं आणि ते नको म्हणते आहे. व्याकरणातला कर्ता बदलला आहे. स्त्रीमुक्तीवरची कितीतरी शिबिरं घेऊन जे सांगायला आपल्याला कष्ट पडतात, ते या मुली एका वहीत करताहेत. म्हणून या उत्साहाकडे ‘पोरींचा नाद’ म्हणून बघू नका, अशी माझी पहिली विनंती आहे.

ही हौस आहे की गरज?

यावर आपल्यातल्याच काही मैत्रिणी आक्षेप घेतात आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. त्या म्हणतात, हे शहरी मध्यमवर्गाचं वेड आहे. जाहिराती बघून पोरी नादावतात. ज्या घरात दहावीची परीक्षा देऊ देतील की नाही याचीच खात्री नाही, त्या घरातल्या मुलीला कॉलेजांची स्वप्नं दाखवणं म्हणजे तिला पुढे दुःखात ढकलणं.

माझं म्हणणं उलट आहे. सुखवस्तू घरातल्या मुलीनं कॉलेज उशिरा शोधलं तरी फारसं बिघडत नाही. तिच्यासाठी घरात कुणीतरी आधीच शोधलेलं असतं. वडिलांना रांगा माहीत असतात, काकांच्या ओळखी असतात, चूक झालीच तर पैसे भरून निस्तरता येते. जिच्या घरात कॉलेजची पायरी कुणीच चढलेलं नाही, तिला मात्र शोधायला वेळ लागतो आणि चूक परवडत नाही. म्हणून लवकर सुरुवात करणं ही तिची हौस नसून गरज आहे.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. निकाल मेच्या सुमाराला लागतो, प्रवेश त्यानंतर. मधल्या दोन-तीन महिन्यांत आपल्याकडे काय असतं? लगीनसराई. नातेवाईक जमलेले असतात, मुलगी घरात बसलेली असते, ‘काय करणार पुढे?’ असं जो तो विचारत असतो. तिच्याकडे उत्तर नसेल तर दुसऱ्या कुणाकडे तरी तयार असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांची लग्नं अठरा वर्षं पुरी होण्याआधी झालेली होती. आधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत हा आकडा २६.३ टक्के होता. कमी झाला, पण पाचांत एकीहून अधिक अजून आहेच. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ सालचा. कायदा लग्न थांबवतो, पण ‘मग हिनं करायचं काय?’ या प्रश्नाचं उत्तर कायद्याजवळ नाही. ज्या मुलीनं मार्चच्या आधीच वही भरलेली आहे, ती घरात निदान एक नाव सांगू शकते. अमुक कॉलेज, अमुक अंतर, अमुक खर्च. भांडायचं तर काहीतरी हातात लागतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर वर्षाचा हिशेबच वेगळा. दिवाळीच्या सुमाराला कुटुंब कारखान्यावर जातं, उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं. मुलीला मागे ठेवायचं तर कुणाकडे, ही धास्ती असते आणि म्हणून तिचं लग्न उरकायची घाई होते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासनानं २०२१ साली वसतिगृहांची योजना आणली. ते वसतिगृह आपल्या तालुक्यात चालू आहे की कागदावर आहे, जागा किती, अर्ज कधी, हे सप्टेंबरमध्ये माहीत असलं तर उपयोगाचं.

आधी शोधणाऱ्या

आपल्या इतिहासात हे नवं नाही. १८४८ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तेव्हापासून ‘शिकून पुढे काय?’ हा प्रश्न मुलींच्या मागे लागला आहे. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. गोपाळरावांच्या हट्टाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पण १८८३ साली श्रीरामपूरला, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला, त्यांनी भरसभेत उभं राहून, आपण अमेरिकेला का जातो आणि हिंदुस्थानात का शिकत नाही, याची उत्तरं दिली. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या.

कॉर्नेलिया सोराबजींची गोष्ट आणखी उद्बोधक आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या पदवी परीक्षेत पहिल्या आल्या. पहिल्या येणाऱ्याला विलायतेला शिकायला शिष्यवृत्ती मिळायची. ती त्यांना बाई म्हणून नाकारली गेली. नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात बाई पहिली येईल ही शक्यताच नव्हती. मग इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी काढली आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डला पोचल्या. रखमाबाईंनी तर लहानपणी लावलेलं लग्न नाकारलं, कोर्टात उभ्या राहिल्या, तुरुंगाची तयारी ठेवली आणि नंतर लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

ह्या तिघींत एक समान धागा आहे. हुशारी आणि जिद्द तर होतीच. पण कुठलं कॉलेज बाईला घेतं, फी किती, राहायचं कुठे, पैसे कोण देईल, ही माहिती कुणीतरी जमवली होती आणि मागे काही माणसं उभी राहिली होती. माहिती आणि माणसं, या दोन गोष्टी आपल्या संघटना देऊ शकतात.

दहा पसंतीक्रम कोण भरतं?

आता आजच्या व्यवस्थेकडे येऊ. २०२५ साली अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच साऱ्या राज्यात ऑनलाईन झाले. आधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरी भागांत होती. अर्जात कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं क्रमानं भरायची होती. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घेणं भाग होतं. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर.

पद्धतीचे गुणदोष वेगळे. मी विचारते आहे तो प्रश्न बायकांच्या चळवळीचा आहे. हे दहा पसंतीक्रम भरले कुणी? अर्ज भरायला मोबाईल लागतो, त्यावर गुप्त आकडा येतो. मोबाईल कुणाचा? मघाशी सांगितलेल्या पाहणीतच देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. म्हणजे मुलीचा आकडा येतो भावाच्या, नाहीतर वडिलांच्या फोनवर. अर्ज भरतो नेट कॅफेवाला. गर्दी असते, तो विचारतो, ‘कुठलं टाकू?’ आणि बरोबर आलेला भाऊ म्हणतो, ‘जवळचं टाक.’ मुलगी मागे उभी. वर्षभर भरलेली वही पिशवीतच राहते.

‘पसंती’ हा शब्दही कसा आहे बघा! लग्नात पसंती मुलाकडची, आणि अर्जात पसंती ज्याच्या हातात फोन त्याची. म्हणून माझं म्हणणं असं की अर्जाची पाटी मुलीच्या हातात राहिली पाहिजे. दहा नावं तिनं स्वतः आधी कागदावर क्रमानं लिहावीत, आईबरोबर बसून लिहावीत, आणि अर्ज भरताना ती स्वतः खुर्चीवर बसावी. गोष्ट लहान वाटेल, पण निर्णय इथेच होतो.

कुठल्या दाराला कुठली किल्ली

दुसरा मुद्दा विषयांचा. गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात पुष्कळदा कला शाखाच असते. मग मुलगी कलेला आणि तिचा भाऊ शहरात खोली करून विज्ञानाला, अशी वाटणी आपोआप होते. कुणी उघड म्हणत नाही की मुलीसाठी खर्च करायचा नाही. म्हणतात, ‘हिला जवळच बरं.’ मुलाचं शिक्षण म्हणजे गुंतवणूक, मुलीचं शिक्षण म्हणजे खर्च, हा हिशेब अंतराच्या भाषेत मांडला जातो.

कला शाखा कमी दर्जाची आहे असं मी मुळीच म्हणत नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम कुठल्याही शाखेतून करता येतो, स्पर्धा परीक्षांना कुठलीही पदवी चालते, समाजकार्य आहे, पत्रकारिता आहे, अध्यापन आहे. पण दार बंद झालं हे कळून बंद व्हावं, नकळत नको. अकरावीला जीवशास्त्र सोडलं तर वैद्यकीयची नेहमीची वाट बंद होते. गणित सोडलं तर अभियांत्रिकीची नेहमीची वाट बंद होते. दहावीनंतर सरळ तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेता येते आणि तिथून अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे कित्येक शिक्षकसुद्धा मुलींना सांगत नाहीत. आय.टी.आय. म्हटलं की शिवणकामापाशी गाडी थांबते. इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम मुलीलाही खुला आहे हे सुचतच नाही.

अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीच्या २०२१-२२ च्या अहवालाप्रमाणे देशात उच्च शिक्षण घेणाऱ्या ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली होत्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या. हे वाचून काही लोक म्हणतात, झाली की समता! पण अभियांत्रिकी पदवीच्या वर्गात डोकावलं तर दर तीन विद्यार्थ्यांमागे एक मुलगीही भरत नाही. आय.आय.टी.मध्ये मुलींची संख्या इतकी कमी होती की २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा निर्माण कराव्या लागल्या. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं १९९१ साली पुण्यात मुलींसाठी वेगळं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं, तेही अशाच गरजेतून. तेव्हा ‘मुली शिकतात का?’ एवढं विचारून आता भागत नाही. कुठे शिकतात, काय शिकतात आणि ते कुणी ठरवलं, हे विचारलं पाहिजे.

कागद बापाचे

तिसरा मुद्दा कागदांचा, आणि इथे आपल्यापैकी प्रत्येकीला काम आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जातीचा दाखला तर लागतोच, जातवैधता प्रमाणपत्रही लागतं. विमुक्त-भटक्या आणि इतर मागासवर्गीयांना नॉन क्रीमीलेअर लागतं. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला वेगळा. जात सिद्ध करायला अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ च्या आधीचा पुरावा काढावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेतली नोंद, नाहीतर जुना महसुली कागद. एका दिवसात होणारं हे काम नाही. निकाल लागल्यावर धावपळ सुरू केली तर प्रवेशाची तारीख निघून जाते. नववीतल्या मुलीनं ‘ताई, वैधता कशी काढायची?’ असं विचारलं तर तिला उताविळी म्हणू नका. तिनं अगदी वेळेवर विचारलं आहे.

पण हे सगळे कागद बापाच्या घरातून येतात. परित्यक्तेच्या मुलीनं काय करायचं? ज्या नवऱ्यानं दहा वर्षं तोंड दाखवलं नाही, त्याच्या भावाकडे जाऊन शाळा सोडल्याचा दाखला मागायचा. तो म्हणतो, आधी पोटगीची केस मागे घे. लेकीचं कॉलेज हे आईला वाकवण्याचं हत्यार होतं. आपल्या सल्ला केंद्रांवर येणाऱ्या बायकांना विचारा, मी म्हणते ते किती खरं आहे ते कळेल.

सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली रमेशभाई नायका यांच्या खटल्यात आंतरजातीय लग्नातल्या मुलांबद्दल असं म्हटलं आहे की मूल बापाच्या जातीचं हे गृहीत शेवटचं मानायचं नाही. आईनं आपल्या समाजात वाढवलं असल्याचा पुरावा असेल तर तो बघावा लागेल. महाराष्ट्र शासनानं १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी आणि मग बापाचं, असा निर्णय घेतला. पाऊल चांगलं आहे. पण नावात आई आली तरी पुराव्याच्या कागदांत अजून आलेली नाही. एकट्या आईच्या मुलीला आईकडच्या कागदांवर दाखला मिळाला पाहिजे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

फी माफ झाली, मग खर्च कसला?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. आधी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत. निर्णय मोठा आहे आणि तो घरोघर पोचवला पाहिजे. पण त्यातली बारीक अक्षरंही मुलींना वाचून दाखवा.

प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात येत नाहीत. एजंट नेमका इथेच फसवतो. ‘मुलींना फी माफच आहे’ म्हणून सांगतो आणि जिथे माफ नाही तिथे नेऊन बसवतो. आणि फी माफ झाली तरी हॉस्टेल, खानावळ, पुस्तकं, प्रवास हे राहतंच. त्यासाठी पंजाबराव देशमुख यांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलींसाठी स्वयंम् आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, तारखा वेगळ्या. मुलीच्या वहीत एक रकाना याचाही हवा.

हॉस्टेल बघताना

आईबापांची खरी भीती कॉलेजची नसते, हॉस्टेलची असते. ती भीती खोटी आहे असं म्हणून चालणार नाही. २०२३ च्या जूनमध्ये मुंबईत मुलींच्या शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला आणि संशय तिथेच काम करणाऱ्या माणसावर होता. २०१९ साली डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या तरुण डॉक्टरनं मुंबईत आत्महत्या केली आणि जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या घरच्यांनी केला. हे आपण विसरलेलो नाही.

पण असं काही घडलं की उपाय म्हणून मुलींनाच कोंडलं जातं. सातच्या आत घरात, ग्रंथालय मुलांना रात्री उघडं आणि मुलींना बंद. दिल्लीच्या मुलींनी २०१५ साली ‘पिंजरा तोड’ म्हणून याविरुद्ध आवाज उठवला. सुरक्षितता म्हणजे कुलूप नाही. म्हणून मुलींना सांगा, हॉस्टेल बघायला जाल तेव्हा हे विचारा : अधीक्षिका रात्री तिथेच राहते का? सुट्टीत मुली कमी झाल्या तर मजल्यावर एकटीला ठेवतात का? दिवे, दारं, संडास कुठे आहेत? आजारी पडलं तर कोण नेतं? २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे का, तिची नावं भिंतीवर लावली आहेत का? जातीवरून बोललं गेलं तर तक्रार कुणाकडे करायची? पंधरा वर्षांची मुलगी हे प्रश्न विचारते तेव्हा संस्थाचालक चपापतात. चपापू देत.

उत्साह कुणाचा, धंदा कुणाचा

एक धोका मात्र मीही मानते. मुलींचा उत्साह दिसला की बाजार लगेच दुकान मांडतो. आठवीपासून पायाभरणीचे क्लास, नाव कॉलेजचं आणि शिकवणी क्लासची, हजेरी नुसती कागदावर. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या की सोळा वर्षांखालच्या मुलांना शिकवणी वर्गांनी घेऊ नये. सूचना आहेत, आणि क्लासच्या पाट्याही आहेत.

शोधणं आणि पळणं यात फरक आहे. शोधणाऱ्या मुलीला प्रश्न पडतात. पळणाऱ्या मुलीच्या छातीत धडधड होते. वहीतल्या टक्क्यांच्या रकान्यामुळे मुलगी झोपेनाशी झाली, मैत्रिणीशी बोलेनाशी झाली, तर तो उत्साह राहिला नाही, तो नवा जाच झाला. घरकाम करून, पाणी भरून, धाकट्याला सांभाळून अभ्यास करणाऱ्या मुलीवर आणखी एक ‘पहिली ये’ लादायचं नाही. संस्थेची परीक्षा करायला शिकवायचं. मान्यता कुणाची? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत नाव नाही ना? शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेली फी किती आणि मागताहेत किती? १९८७ च्या कायद्यानं आपल्या राज्यात कॅपिटेशन फीला बंदी आहे. पावती नाही तर पैसे नाहीत, हे मुलीनं आणि तिच्या आईनं पाठ करावं.

आपण काय करायचं

आता कामाचं बोलू. मला पाच गोष्टी सुचतात, चर्चेत तुम्ही भर घालाच.

एक, प्रत्येक तालुक्यात नववी-दहावीच्या मुलींचा ‘शोध गट’ करावा. माहिती एकटीची राहिली की स्पर्धा होते, सगळ्यांची झाली की ताकद होते.

दोन, दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास मुलींना आणि त्यांच्या आयांना घेऊन दोन-तीन कॉलेजं प्रत्यक्ष दाखवावीत. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं आहे, त्याचा फायदा घेऊ. आयांना नेणं महत्त्वाचं. जिनं कॉलेजचं फाटक आतून बघितलेलं नाही, तिला लेकीला तिथे सोडायची भीती वाटणारच. पुस्तकांनी भरलेलं ग्रंथालय एकदा डोळ्यांनी बघितलं की पुष्कळदा आईच घरात मुलीची वकील होते.

तीन, दर महिन्यात एक दिवस कागदांसाठी. तहसील कचेरीत पाचजणी मिळून गेल्या की कारकून निराळं बोलतो.

चार, अर्ज भरायच्या दिवसांत आपली कार्यालयं उघडी ठेवावीत. एक संगणक, एक कार्यकर्ती. मुलीनं स्वतः बसून भरावं.

पाच, ज्यांचं जमणार नाही त्यांना सोडून द्यायचं नाही. कुणी नापास होईल, कुणाचं लग्न आपण थांबवू शकणार नाही, कुणी उसाला जाईल. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालू आहे, तिथे लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या बायका शिकतात. शोध गटातून गळालेली मुलगी म्हणजे गेलेली मुलगी नव्हे. तिचं नाव वहीत ठेवा, पुढच्या जूनमध्ये तिच्या दारात जा.

आणि सगळ्यात शेवटी. या मुली उद्या शिकतील, दूर जातील, आपल्या बैठकांना येणार नाहीत, अशी खंत काहीजणींनी सकाळच्या सत्रात बोलून दाखवली. जाऊ देत त्यांना. आपण संघटना बांधतो ती मुलींनी आपल्याजवळ बसून राहावं म्हणून नाही. त्यांना जिथे जायचं तिथे जाता यावं म्हणून बांधतो. येत्या महिन्यात आपापल्या तालुक्यात एक तरी शोध गट उभा राहावा आणि पुढच्या बैठकीला आपण ‘जागृती केली’ असं न सांगता किती मुलींनी आपले पसंतीक्रम स्वतः भरले तो आकडा सांगावा, एवढं ठरवून इथून उठू या.